चाळीस सेकंदांचा लिफ्टमन

गेम खेळायच्या नव्या कन्सोलची आमच्या घरात जेवढी वाट पाहिली गेली, तेवढी माझ्या जन्माचीही कुणी पाहिली नसेल. वाट पाहणारे होते माझे बाबा, वय वर्षं एकाहत्तर. सकाळी चहाचा कप हातात आला की ते फोनवर त्या मशीनच्या बातम्या वाचायचे आणि वाचून झाल्या की पाटीवर लिहून मला दाखवायचे. 'जुन्यापेक्षा पन्नास पट फास्ट.' 'आत काही फिरतच नाही.' 'लोडिंग शून्य.' शून्याखाली दोन रेघा.

पाटी म्हणजे लहान मुलांची असते ती, पट्टी खेचली की पुसली जाणारी. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यात स्वरयंत्र काढावं लागलं. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण एकतीस वर्षं बसस्टँडवर माइकसमोर बसून गाड्या पुकारणाऱ्या माणसाचा नेमका गळाच जावा, याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही. इमारतीत सगळे त्यांना माइककाका म्हणायचे. अजूनही म्हणतात. सुरुवातीला मला वाटायचं, या लोकांना काही लाज? मग लक्षात आलं की बाबांना ते आवडतं.

एकतीस वर्षांत त्यांचा आवाज लाखो लोकांनी ऐकला आणि एकानेही जपून ठेवला नाही. ते रोज समोर बसून बोलायचे, ठेवणार कोण आणि कशाला. ते निवृत्त झाल्यावर त्या खुर्चीत रेकॉर्ड केलेली एक बाई आली. ती गाडी रद्द झाल्याचंही आनंदाने सांगते. घरी आई-बाबांच्या लग्नाची एक कॅसेट होती, तिला बुरशी लागली. आणि फोनमधल्या व्हिडिओंत बाबा कुठेच नाहीत, कारण शूटिंग तेच करायचे आणि रेकॉर्डिंग चालू असताना आपण तोंड उघडायचं नाही, ही त्यांची माइकच्या धंद्यातली शिस्त. माझ्या वाढदिवसांच्या सगळ्या व्हिडिओंत मेणबत्त्या आहेत, मावश्या आहेत, मी आहे. बाबांचा श्वाससुद्धा नाही.

त्यांचा आवाज उरला होता एकाच जागी. माझ्या गेममध्ये.

मी एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लिहिते. लोकांना वाटतं मी मोठमोठ्या कथा लिहीत असेन. मी लिफ्टमधलं बोलणं लिहायचे. आमचा गेम एका चाळीस मजली इमारतीचा. खालून पाणी चढतंय आणि खेळणाऱ्याने एकेक मजला वर सरकायचं. आता जुन्या मशीनमधली ती फिरणारी डिस्क इतकी मंद, की पुढचा मजला उचलून आणायला तिला चाळीस सेकंद लागायचे. तेवढा वेळ पडदा काळा ठेवला तर माणूस वैतागून उठून जातो. म्हणून आम्ही लिफ्ट केली. लिफ्टमध्ये स्टूल, स्टुलावर टोपी घातलेला म्हातारा लिफ्टमन. मशीन आतल्या आत धडपडत असायचं तोवर त्याने खेळणाऱ्याला बोलण्यात गुंतवायचं. असे चाळीस-चाळीस सेकंदांचे सदतीस संवाद मी लिहिले. ही माझी साहित्यसेवा.

आमच्या भाषेतल्या आवाजांवर कंपनीचा जीव बेताचाच. लिफ्टमनसाठी ठरवलेला नट रेकॉर्डिंगच्या दिवशी आलाच नाही. मी बाबांना फोन केला. तेव्हा त्यांचा गळा शाबूत होता. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, माइकचा दांडा स्वतःच दोन बोटं खाली केला आणि एका दुपारी सदतीस संवाद सपासप वाचून दिले. एकही रिटेक नाही. आमचा साउंडवाला थक्क झाला. त्याला सगळे हेडफोन म्हणतात, कारण ती वस्तू त्याच्या लग्नाच्या फोटोतही गळ्यात आहे.

"काका, इतके दिवस होतात कुठे तुम्ही?" तो म्हणाला.

"स्टँडवर," बाबा म्हणाले.

संवाद माझ्या नावावर असले तरी निम्मे बाबांचेच होते. घरी ते जसं बोलायचे तसंच मी उतरवून ठेवलं होतं. 'दारात हात घालू नका मालक, हात दोनच मिळतात.' 'बाराव्यावर कुत्रा आहे. चावत नाही म्हणतात. म्हणणारे आता तेराव्यावर राहतात.' आणि प्रत्येक संवादाची सुरुवात एकच: 'बोला, कुठला मजला?'

ऑपरेशननंतर बाबांनी माझं जुनं मशीन टीव्हीखाली लावून घेतलं. खेळायचे म्हणजे काय, एकही मजला त्यांनी कधी जिंकला नाही. मजले मीच जिंकून उघडून दिले होते. ते थेट लिफ्टमध्ये जायचे. दुपारचा चहा झाला की वर, खाली, परत वर. मशीनचा पंखा घूं करत राहायचा आणि बाबा स्वतःच्या आवाजाबरोबर ओठ हलवत बसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आई रडली नाही. तिने तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून उत्तर द्यायला सुरुवात केली.

"बोला, कुठला मजला?" टीव्हीतून यायचं.

"गच्चीवर सोडा, कपडे वाळलेत," आई भांडी घासता घासता म्हणायची. किंवा, "तुम्ही आधी जागचे उठा, मग मजल्याचं बघू."

बाबा हसायचे, खांदे हलवून, आवाजाशिवाय. चाळीस सेकंद त्यांचं बोलणं चालायचं, मग मजला यायचा. बाबा लगेच खालचं बटण दाबायचे. तीन वर्षं त्या दोघांचा संसार त्या लिफ्टमध्ये चालला होता आणि तो मोडायला माझ्याशिवाय दुसरं कुणी लागलं नाही.

नवं कन्सोल येणार म्हटल्यावर कंपनीने आमचा गेम त्यासाठी नव्याने काढायचं ठरवलं. जाहिरातीत लिहिलं: 'अधिक सुस्पष्ट चित्र, अधिक सुस्पष्ट आवाज.' बाबांनी ती ओळ फोनवर मोठी करून आईला वाचायला लावली. मग जिन्यात भेटेल त्याला पाटी दाखवू लागले. दुसऱ्या मजल्यावरचे शिंपीकाका बिचारे, त्यांना कन्सोल म्हणजे काय तेही माहीत नाही. त्यांना बाबांनी लिहून समजावलं की जुन्यात तबकडी फिरते, सुई शोधत बसते, नव्यात चिप आहे, मागितलं की हजर. शिंपीकाका म्हणाले, "म्हणजे तुमचा आवाज आता पटकन येणार." बाबांनी जोरात मान हलवली.

त्याच आठवड्यात ऑफिसात मीटिंग झाली. आमच्या मॅडमनी नव्या मशीनवर गेम लावला. लिफ्टचं बटण दाबलं, दार बंद झालं आणि एका सेकंदात उघडलं. समोर पुढचा मजला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

"लिफ्टमनचं काय करायचं?" मॅडमनी माझ्याकडे बघत विचारलं. "त्याने तोंड उघडायच्या आत मजला येतोय."

"दार उशिरा उघडूया," मी म्हणाले.

"पन्नास पट फास्ट म्हणून विकायचं आणि लोकांना लिफ्टमध्ये कोंडून ठेवायचं?"

"ज्याला ऐकायचंय तो थांबेल."

मॅडम काही वाईट नाहीत. त्यांनी गेम खेळणाऱ्या अकरा जणांना बोलावून तेही करून पाहिलं. मी काचेपलीकडे उभी होते. दार उघडायचं, माणूस बाहेर पळायचा आणि मागे बाबांचा आवाज 'बोला, कु—' एवढ्यावर तुटायचा. अकराच्या अकरा जण पळाले. एकाने तर लिफ्टमनकडे पाहिलंही नाही. पुन्हा 'बोला, कु—', पुन्हा 'बोला, कु—'. चारशे वेळा तरी ऐकलं असेल मी ते त्या दुपारी.

मला सहन झालं नाही. मीच मॅडमच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "असा अर्धवट नका ठेवू. काढून टाका सगळा आवाज."

"नक्की? तुझ्या वडिलांचा आहे ना?"

"म्हणूनच."

फास्ट स्टोरेजची एक गोष्ट जाहिरातीत लिहीत नाहीत. ते महाग असतं म्हणून लहान असतं. त्यामुळे प्रत्येक गेमला खाणं कमी करायला लावतात. वापरात नसलेल्या फायलींची यादी फिरली, ज्याने त्याने आपापल्या नावापुढे सही करायची. माझ्या नावापुढे सदतीस फायली होत्या. हेडफोन माझ्या टेबलाशी आला.

"मूळ रेकॉर्डिंगही जातंय यात. सर्व्हर रिकामा करायला सांगितलाय. घरी कॉपी आहे ना तुझ्याकडे?"

"आहे," मी म्हणाले.

माझ्या डोळ्यांसमोर टीव्हीखालचं ते मशीन होतं. रोज दुपारी चालतं, रोज बोलतं. त्याहून वेगळी कॉपी कशाला हवी, असं मला खरंच वाटलं. उद्या-परवा पेनड्राइव्हवर घेऊ, असंही वाटलं. मी सही केली. अशा फायली तीस दिवस कचऱ्याच्या डब्यात पडून असतात, मग कायमच्या जातात. त्या तीस दिवसांत मी रोज ऑफिसात गेले, जेवले, लोकांच्या चुका काढल्या.

आणि घरी सांगितलं नाही. त्याची कारणं माझ्याकडे भरपूर होती. आज बाबांची तब्येत बरी नाही. आज ते फार खुशीत आहेत. आज पाहुणे आलेत. मी मनाशी ठरवलं होतं की नवं मशीन आलं की सांगेन, बाबा, नव्यात तुमचा आवाज नाही, पण जुनं आहेच ना, ते राहू दे शेजारी. म्हणजे सांगायचंही झालं आणि तोंडही लपवता आलं. भित्र्या माणसाचं नियोजन मोठं पक्कं असतं.

कन्सोल बाजारात यायला दोन दिवस उरले होते. आम्ही ऑफिसात शेवटच्या गडबडीत. रात्री आठला घरी आले तर बाबा दारातच उभे, पाटी छातीशी धरून. 'पहिला नंबर लागला!'

"कसला?"

आईने सांगितलं. दुकानात योजना निघाली होती. जुनं मशीन आणून द्या, रांगेशिवाय पहिल्या दिवशी नवं घेऊन जा. दोघं रिक्षाने गेले होते. मशीनला धक्का लागू नये म्हणून आईने ते स्वेटरात गुंडाळून मांडीवर धरलं होतं.

मी टीव्हीखाली पाहिलं. लाकडावर धुळीची चौकोनी रेघ होती आणि मध्ये स्वच्छ जागा.

"दिलं?" मी म्हणाले. "मला विचारलं का नाही?"

"तुला चकित करायचं होतं त्यांना," आई म्हणाली. "तूच नाही का लिहिलंस त्या जाहिरातीत, आवाज जास्त स्पष्ट म्हणून?"

मी चप्पलसुद्धा न काढता तशीच मागे फिरले. दुकान बंद व्हायला अर्धा तास होता. काउंटरवरच्या मुलीने पावती पाहून मशीन शोधून दिलं. ते इतर तीसेक मशीनांच्या चळतीत होतं, पण माझं मी ओळखलं. कोपऱ्यावर बाबांच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता.

"परत हवंय," मी म्हणाले.

"घेऊन जा मॅडम, पण आतलं सगळं पुसलंय. आल्या आल्या पुसतो आम्ही."

"कधी?"

"दुपारीच. नियम आहे. तुमचं काही खासगी दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून."

तिने प्लग लावून दाखवलं. पंखा घूं करत सुरू झाला. पडद्यावर आलं: 'भाषा निवडा.' मी आमची भाषा निवडली, जणू त्याने काही होणार होतं. गेमची ऑफिसातली डिस्क माझ्या पर्समध्ये होती, पण आमच्या भाषेतले आवाज डिस्कवर कधी नव्हतेच. ते कंपनीच्या पानावरून उतरवून घ्यावे लागायचे. ते पान नवा गेम येणार म्हणून आठ दिवसांपूर्वी बंद झालं होतं. बंद करण्याची सूचना मीच लिहिली होती, खेळाडूंचे आभार मानून.

दुकानाबाहेर उभी राहून मी हेडफोनला फोन केला.

"तू म्हणालीस घरी कॉपी आहे."

"मशीनमध्ये होती."

तो म्हणाला, "मशीनमध्ये असते ती कॉपी नसते गं. तो फक्त गेम असतो." मी फोन ठेवला. हे मला शाळेतल्या पोरीसारखं समजावून सांगायची गरज नव्हती, आणि त्या दिवशी तर मुळीच नव्हती. घरी गेल्यावर ऑफिसातून बोलावणं आलं होतं असं सांगून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी इंटरनेट धुंडाळलं. लोक आपण गेम खेळतानाचे व्हिडिओ टाकतात, त्यांत कुठे लिफ्टमन सापडेल म्हणून. परक्या भाषांतले लिफ्टमन ढिगाने सापडले. आमच्या भाषेत तो गेम खेळलेली माणसं एका बसमध्ये मावली असती. एकच व्हिडिओ मिळाला. पाच वर्षांपूर्वीचा, कोपऱ्यात खेळणाऱ्या माणसाचा चेहरा. लिफ्टचा भाग अकरा सेकंदांचा. मी तो ताबडतोब चार ठिकाणी उतरवून ठेवला. आता मला कॉप्या करायला सुचत होतं.

कन्सोल बाजारात आलं त्या पहिल्याच दिवशी बाबांनी नवं मशीन आणलं. त्याच धुळीच्या चौकोनात ठेवलं, वायरी स्वतः जोडल्या. चहाची वेळ होती. मी सुट्टी घेतली होती, सांगायला म्हणून. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. ते पाहिल्यावर मी मशीनच्या खोक्याची घडी घालत बसले. घरात गळा नसलेला माणूस एक होता, पण मुकी मीच झाले होते.

गेम लागला. खरंच वेळ लागला नाही. बाबांनी माझ्याकडे वळून भुवया उडवल्या, बघितलंस? आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हाताला साबण. तिनेही काहीतरी उत्तर योजून ठेवलं असणार. तिच्या तोंडावर ते दिसत होतं.

बाबा लिफ्टमध्ये शिरले. लिफ्टमन स्टुलावर होता. त्याची टोपी, मिशा, बटणं, सगळं पूर्वीपेक्षा सुस्पष्ट. आम्ही फक्त आवाज काढला होता, माणूस काढायला जास्त काम पडलं असतं. दार बंद झालं, दार उघडलं.

बाबांनी खालचं बटण दाबलं. दार बंद, दार उघडलं. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पुन्हा वर. आता नायकाच्या पावलांचा दणदणाट खोलीभर झाला, पाण्याचा आवाज आला, दाराची घंटी वाजली. लिफ्टमन तोंड मिटून समोर बघत बसलेला. आई अजून दारातच होती. साबणाचं पाणी तिच्या कोपरावरून जमिनीवर टपकत होतं.

सहा-सात फेऱ्यांनंतर बाबांनी रिमोट खाली ठेवला आणि पाटी घेतली. 'मी कुठे आहे?'

"नाही तुम्ही," मी म्हणाले. "लोडिंग नाही ना आता. बोलायला वेळच उरला नाही. म्हणून काढलं."

त्यांनी पट्टी खेचली. 'जुन्यात होतो.'

"ते पुसलं दुकानात. मी गेले होते. ऑफिसातलंही पुसलंय."

'तुला माहीत होतं?'

"हो."

'कधीपासून?'

"चार महिने."

आई म्हणाली, "चार महिने हे लोकांना पाट्या दाखवत फिरत होते." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, नळ सुरू झाला आणि बराच वेळ चालू राहिला.

मी फोन काढला. हातात तेवढंच होतं. "एक मिळालंय बाबा. थोडंसंच आहे," म्हणत मी व्हिडिओ लावून त्यांच्यासमोर धरला. लिफ्टचं दार बंद झालं.

'बोला, कुठला मजला?' बाबांचा आवाज आला. स्वच्छ, भरदार, स्टँडवर शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तसा. आत नळ बंद झाला. 'दारात हात घालू नका मालक, हात—' आणि त्यावर तो कोपऱ्यातला माणूस जांभई देत बोलला, "ए म्हाताऱ्या, बस कर ना. किती वाजवतोय! कधी लोड होणार हे?" त्याच्या आवाजाखाली बाबा आणखी चार सेकंद बोलत होते, पण काय ते कळत नव्हतं. मग व्हिडिओ दुसरीकडे गेला.

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. परत लावला. तो माणूस बोलू लागतो तिथे त्यांनी नकळत हात वर केला, स्टँडवर गलका झाला की काचेमागून करायचे तसा. तिसऱ्यांदा लावला. चौथ्यांदा. आई आतून काहीच बोलली नाही.

"काही समजत नाही त्या मूर्खाला," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि त्या माणसाचा इतका संताप येत होता की तो समोर असता तर मी त्याला ओरबाडलं असतं. "कुणाचा आवाज आहे, काय आहे. माणसाने दहा सेकंद गप्प बसू नये?"

बाबांनी फोन मला परत दिला. पाटी मांडीवर घेतली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं.

'त्याला माहीत नव्हतं. तुला होतं.'

मी वाचलं. एरवी दुसऱ्याचं वाचून झालं की ते लगेच पट्टी खेचतात. या वेळी त्यांनी पाटी तशीच नव्या मशीनला टेकवून ठेवली, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि शर्ट बदलायला आतल्या खोलीत निघून गेले.